हवेत असताना चाकं मोकळी सोडायची

मुलीने मला तिच्या खोलीत बोलावलं तेव्हा आमचं बोलणं जवळजवळ थांबलेलं होतं. "जेवायला या", "गेटला कुलूप लावलं का", एवढ्यावर दिवस जात होते. तिच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं. दारात उभी राहून ती म्हणाली, "अप्पा, तुमचा हात पाहिजे."

मी बहुधा फारच विरघळलेल्या चेहऱ्याने पाहिलं असणार, कारण तिने लगेच पुढे जोडलं, "तुम्ही म्हणून नाही. उजवा हात म्हणून. अम्माला विचारलं होतं, पण तिला ते बघूनच चक्कर येते."

"ते" म्हणजे तिचा खेळ. कॉम्प्युटरवर यानं बांधायची, उडवायची आणि कुठल्यातरी ग्रहावर नेऊन उतरवायची, असा तो खेळ आहे. इंजिनिअरिंगला असलेल्या मुलीने त्यात इतका वेळ घालवावा हे मला कधी पटलं नव्हतं आणि ते मी तिला ऐकवलंही होतं. ती आणि कॉलेजातले तिचे काही मित्र मिळून एकच मोहीम खेळत होते. एकाने आपला टप्पा पुरा करायचा आणि खेळ जिथे थांबला ती फाइल पुढच्याला पाठवायची. दसऱ्यानंतर सुरू झालेली ती फाइल अशी घरोघर फिरत होती.

त्यांचा एक नियम होता, मागे जायचं नाही. खेळात एक कळ दाबली की चूक होण्याआधीच्या क्षणावर परत जाता येतं. ती कळ कोणी दाबायची नाही. जे मोडेल ते मोडलेलंच पुढे द्यायचं आणि काय मोडलं ते दोन ओळींत लिहून कळवायचं.

व्हाइटफील्डला राहणाऱ्या तिच्या एका मित्राने यान एका चिमुकल्या चंद्रावर आदळत उतरवलं होतं. त्यात यानाचा एक पाय मोडला आणि इंधन गळून गेलं. आत दोन अंतराळवीर बसलेले. आता माझ्या मुलीचा टप्पा होता. इंधनाची टाकी पाठीवर घेतलेली सहा चाकांची एक गाडी, रोव्हर, त्या चंद्रावर दूर एका कड्यापलीकडे उतरलेली होती. ती कड्यावरून चालवत यानापर्यंत आणायची. रविवारी संध्याकाळी पुढची मैत्रीण परतीच्या उड्डाणाला बसणार होती. गाडी वाटेत गेली तर मोहीम संपली.

"दुसऱ्या कोणालातरी दे ना तुझी पाळी," मी म्हणालो.

"घ्यायला तयार होते सगळे. गाडी मी बांधलीय. मीच नेणार."

इथे मला तिच्या प्लास्टरबद्दल सांगितलं पाहिजे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला कार शिकवायला घेतली. जे. पी. नगरच्या टोकाला एक नवीन लेआउट पडलेलं आहे, रस्ते झालेत आणि घरं अजून यायचीत. कोपऱ्यावर एक एळनीरवाला शहाळ्यांची हातगाडी लावून असतो. मी रोज घरापासून बोम्मसंद्र्याच्या कारखान्यापर्यंत होसूर रोडने गाडी नेतो. त्या रस्त्याने मला एकच विद्या दिली आहे, पाय कायम अर्धा ब्रेकवर. ती मी मुलीला ओरडून शिकवत होतो. क्लच, क्लच, बघतेस कुठे, आरसा कशाला दिलाय. एका रविवारी एळनीरवाल्याच्या गाडीपासून पुष्कळ अंतरावर ती वळत होती. मला वाटलं ती वळणार नाही. मी हँडब्रेक खेचला. कार झटका खाऊन बंद पडली, तिचं कपाळ स्टीअरिंगला लागलं, आणि मी त्या माणसासमोर मराठीत आणि कानडीत जे तोंडाला येईल ते बोललो. शेवटी म्हणालो, "उतर खाली. तुझ्याच्याने होणार नाही हे."

ती उतरली आणि घरापर्यंत चालत आली. मी मागून कार हळूहळू चालवत होतो. काच खाली करून तिच्या लहानपणच्या लाडक्या नावाने "बस पुट्टी, बस" म्हणत होतो. ती बसली नाही.

त्यानंतर ती आईची स्कूटर घेऊन कॉलेजला जायला लागली. परतीच्या पावसात रस्ता खणून ठेवलेला, खडीवर चाक घसरलं आणि मनगट मोडलं. घरात कोणी एका शब्दाने मला काही म्हणालं नाही. बायको फक्त म्हणाली, "कार येत असती तर पावसात स्कूटर कशाला काढली असती." ती हे माझ्याकडे न बघता म्हणाली. मी मात्र ते वाक्य बरोबर घेऊन रोज होसूर रोडवर जात होतो.

तर मी तिच्या डाव्या उजव्याचा हिशोब समजून घेत स्टुलावर बसलो. एरवी या खेळात ज्या कळांनी चाकं फिरतात त्याच कळांनी गाडीचं अंगही झुकतं. पुढे जा म्हटलं की नाकही खाली जातं. तिने ते वेगळं करून ठेवलं होतं. उजवीकडच्या बाणांच्या कळा चाकांना आणि डावीकडची अक्षरं गाडीचा तोल सांभाळायला.

"चाकं तुम्ही, तोल मी," ती म्हणाली. "आणि अप्पा, एक सांगते. इथे वजन नाही."

वजन नाही म्हणजे काय ते मला आठवडाभराच्या सरावात कळलं. सरावासाठी फाइलची वेगळी प्रत होती, तिच्यात कितीही मोडतोड चालत होती. त्या चंद्रावर माणसाने उडी मारली तर खाली यायच्या आत चहा गाळून होईल. गाडी जमिनीला नुसती टेकलेली असते. चाकं फिरतात पण पकडत नाहीत. जरा वेगात वळवली की कुशीवर जाते. हाताएवढा उंचवटा आला की गाडी वर उठते आणि येतच नाही खाली, खालून जमीन सरकत राहते. सगळ्यात वाईट म्हणजे ब्रेक. पुढची चाकं अडली की मागची बाजू उठते आणि गाडी सावकाश, अगदी आरामात, डोक्यावर उभी राहते. म्हणून तिने पुढच्या चाकांचे ब्रेक काढूनच टाकले होते. गाडी उभी केल्यावर लावायचा ब्रेक तेवढा सगळी चाकं एकदम जखडत होता. त्याची कळ माझ्या अंगठ्याखाली यायची.

"ती कळ फक्त थांबल्यावर," ती रोज बजावायची. "हवेत असताना तर काहीच करायचं नाही. चाकं मोकळी सोडायची. टेकली की ती आपली फिरतील."

सरावात मी गाडी इतक्या वेळा उलथवली की शेवटी बायको दारातून म्हणाली, "अहो, कारखान्यात तुम्हाला पार्ट तपासायलाच ठेवलंय ना? बनवायला नाही ना?"

मुलगी हसली. पण मी कितीही वेळा उलथवली तरी ती ओरडली नाही. "सरी, चालेल, परत," एवढंच म्हणायची. मला ते ओरडण्यापेक्षा जड जात होतं.

रविवारी जेवण लवकर उरकलं. खरी फाइल उघडली तेव्हा मी पहिल्यांदाच त्या चंद्राकडे नीट पाहिलं. करडी, शेवाळी झाक असलेली जमीन आणि इतकं जवळचं क्षितिज, की जग पुढच्या वळणावर संपतंय असं वाटावं. सूर्य खाली आलेला होता. गाडीच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या सौर पॅनेलांवर बॅटरी चालत होती. पलीकडून सावलीची रेघ सरकत येत होती. त्या चंद्रावरची रात्र लांबलचक असते. सावलीत सापडलो तर गाडी तिथेच विझणार.

"निधान, अप्पा," ती म्हणाली. हळू.

कड्याच्या चढावर सगळं नीट झालं. तिचा डावा हात अक्षरांवर, माझा उजवा बाणांवर, मधे आमचे खांदे एकमेकांना लागत होते. प्लास्टरचा हात तिने मांडीवर उशीसारखा ठेवला होता. मी एका वेळी थोडंसंच दाबत होतो आणि सोडत होतो. तिचं "थोडं, थोडं, सोडा, थोडं" कानाशी चाललेलं. माथा जवळ आला. पलीकडचं काही दिसत नव्हतं, फक्त काळं आकाश.

"इथे उडणार आपण," ती म्हणाली. "स्वल्पच. काही करू नका."

गाडी माथ्यावरून सुटली. आवाज थांबला. खाली लांबच्या लांब उतार उघडला, आणि उताराच्या तळाशी, आमच्या रेषेत, मला एक खडक दिसला.

आम्ही त्याच्यावर आदळणार नव्हतो, हे आता मला कळतं. तिला ते तेव्हाच दिसलं होतं. पण माझ्या अंगठ्याने विचारलं नाही. मी ब्रेकची कळ दाबली. हवेत.

काहीच झालं नाही. ते फार वाईट होतं. गाडी तशीच तरंगत खाली चालली होती आणि सहाही चाकं जखडलेली होती. "सोडा," ती म्हणाली, "अप्पा, ब्रेक सोडा," पण ती कळ एकदा दाबली की लागते आणि परत दाबली की सुटते, हे मला ठाऊक असून मी ती दाबूनच धरली होती. जणू जास्त जोराने दाबलं तर ती सुटेल. पुढची चाकं जमिनीला लागली आणि तिथेच अडली. मागची बाजू वर आली. मग गाडी उलटत गेली, इतकी सावकाश की प्रत्येक कोलांटीच्या आधी आम्हाला ती दिसत होती. मुलीचा डावा हात कळांवर भराभरा चालत होता. तिने खडक चुकवला. एक पॅनेल तुटून वेगळं उडालं आणि आमच्या बरोबरीने उडत राहिलं. शेवटी गाडी पाठीवर पडली, एक टप्पा खाल्ला, परत पडली आणि राहिली. चाकं वर.

खोलीत पंख्याचा आवाज होता. खाली कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती लागत नव्हती.

मी वाट पाहत होतो. मी तिच्या जागी असतो तर जे बोललो असतो ते सगळं माझ्या मनात तयार होतं, माझ्याच आवाजात. ती मात्र स्क्रीनवर बॅटरीचा आकडा बघत होती.

"ती मागे जायची कळ दाब," मी म्हणालो. "कोणाला सांगायचं नाही. माझी चूक आहे, तुझी नाही. नियम तुमच्यासाठी आहे, मी कुठे तुमच्यात आहे?"

"नाही."

"अगं, एकदाच."

"अप्पा, त्याने मला यानाचा पाय मोडका दिला. मी घेतला ना?"

मग मला अजून एक दुर्बुद्धी सुचली. गाडी उलटी पडलीय, सावली सरकतेय, आणि मी बोलायला लागलो. "पुट्टी, त्या दिवशी कारमध्ये मी तसं करायला नको होतं. तुझा हात माझ्यामुळे... मी रोज..."

"अय्यो, आत्ता नको," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, घाईतला होता. "आत्ता पुढे बघा. टाकी शाबूत आहे. एक पॅनेल आहे, पण ते खाली दबलंय. बॅटरीवर झुलवून सुलटी करावी लागेल. संपायच्या आत जमलं तर जमलं."

"मी काय करू?"

"काही करू नका."

मी हात मांडीवर घेतला. ती एका हाताने झुलवत होती, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. गाडी उताण्या झुरळासारखी हलत होती. प्रत्येक झोक्याला बॅटरी उतरत होती. वजन नाही याचा पहिल्यांदाच फायदा दिसला. एवढी टाकी पाठीवर घेऊन पृथ्वीवर कोण सुलटं झालं असतं? झोका वाढत गेला. एकदा गाडी कुशीपर्यंत आली आणि परत पडली. माझ्या घशातून "जोरात!" निघत होतं, मी ते गिळलं. पुढच्या झोक्याला ती कुशीवर आली आणि तशीच थांबली, थरथरत. बॅटरी संपली. स्क्रीनवरच्या कळांना उत्तर येईना.

"गेली," मी म्हणालो.

"थांबा."

कुशीवर पडल्यामुळे उरलेलं पॅनेल वर आलं होतं, नेमकं बुडत्या सूर्याकडे तोंड करून. आकडा हलला. एक थेंब, मग आणखी. सावलीची रेघही आता उघड्या डोळ्यांनी चालताना दिसत होती. बायको कॉफीचे पेले घेऊन आली, आमच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता पेले टेबलावर ठेवून गेली. ते तसेच राहिले.

"आता," मुलगी म्हणाली. तिने एकच लांब झोका दिला. गाडी वळली, तरंगली, आणि सहाही चाकांवर येऊन एकदा उसळून उभी राहिली.

उरलेला उतार आम्ही सावलीच्या पुढे पुढे उतरलो. अर्ध्या विजेवर चाकं जेमतेम फिरत होती, पण उतार ओढून नेत होता, आणि तेच भीतीचं होतं. तळाशी यान दिसायला लागलं, एका बाजूला झुकलेलं, तिसऱ्या पायाच्या जागी खुंट. वेग वाढला. मधे एक उंच वरंबा आडवा आला.

"उडणार," ती म्हणाली.

गाडी उडाली. यान समोरून मोठं होत येत होतं. त्यात ती दोन माणसं बसलेली होती. खरी नव्हती हे मला माहीत होतं. माझा अंगठा कळेवर होता. मी तो उचलला. मग विश्वास वाटेना म्हणून सगळाच हात उचलला आणि डोक्यावर ठेवला, पोलिसांनी पकडल्यासारखा. मुलीने डोळ्याच्या कोपऱ्यातून ते पाहिलं आणि तिला हसू फुटलं, पण तिची बोटं हलली नाहीत. चाकं टेकली. आपली फिरली. गाडी एकदा उठली, परत बसली, आणि धावत राहिली.

"आता मागे. थोडं. सोडा. थोडं. बास. आता ब्रेक."

मी ब्रेक लावला. गाडी यानाच्या खाली, त्या खुंटाजवळ उभी होती. नळी जोडली, इंधन चढायला लागलं. काही वेळाने सावली आमच्यावरून पुढे गेली आणि सगळं काळं झालं, फक्त यानाच्या खिडकीत उजेड.

मुलीने एका हाताने पुढच्या मैत्रिणीला निरोप लिहिला. मी चष्मा लावून वाचला. एक पॅनेल तुटलं. टाकी ठीक. गाडी आता चालणार नाही, तिथेच सोडा.

"अप्पांनी मोडलं म्हणून लिही ना," मी म्हणालो. मला ते मनापासून हवं होतं.

"आम्ही कोणी मोडलं ते लिहीत नाही. काय मोडलं तेवढंच लिहितो. तिला उडवायला तेवढंच लागतं."

तिने निरोप पाठवला. मग थंड कॉफी एका घोटात पिऊन म्हणाली, "मघाशी तुम्ही काहीतरी सांगत होतात."

मी सांगायला लागलो. हँडब्रेक, एळनीरवाला, स्कूटर, खडी, सगळं. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "हँडब्रेकचा राग आहे मला. खूप आहे. पण स्कूटर मी घसरवली. ती तुम्ही घेऊ नका." आणि थोड्या वेळाने, "प्लास्टर निघालं की मला परत शिकायचंय. क्लासला नाही जाणार, तिकडची मुलं हसतात."

मी हो म्हणालो.

प्लास्टर निघालं, मनगट जरा सुकलेलं होतं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर एका रविवारी सकाळी आम्ही त्याच लेआउटमध्ये गेलो. एळनीरवाला होता. त्याने आम्हाला ओळखलं. "एन् सार," तो लांबूनच ओरडला, "इवत्तु जगळ इल्वा?" आज भांडण नाही का. मुलगी खिडकीतून म्हणाली, "ओंदु कोडी, अण्णा." एक द्या.

त्याने भरगच्च शहाळं छाटून दिलं. तिने ते घेतलं, नळी मात्र घेतली नाही. माझ्याकडे वळली.

"हे धरा अप्पा. दोन्ही हातांनी. सांडू नका."

काठोकाठ पाणी होतं. मी ते मांडीवर दोन्ही तळव्यांत धरलं. तिने कार चालू केली, क्लच सोडला, आम्ही निघालो. कोपऱ्यावर ती वळायला लागली, एळनीरवाल्याच्या गाडीच्या बाजूने, माझ्या मते वेगात. मी पाण्याकडे बघत राहिलो. रस्त्यात एक हंप होता, तो तिला दिसला नाही. कार उडाली, बसली, आणि शहाळ्यातलं अर्धं पाणी माझ्या पँटवर आलं.

ती पुढे बघत होती. तिने दुसरा गिअर टाकला. मी उरलेलं पाणी सांभाळत बसलो.